सतरा नंबरची पेंढी

९ मार्च १९४९. सकाळपासून लोंब्या चोळते आहे. ओसरीवर तीन सुपं मांडली आहेत. गव्हाची एक लोंबी तळहातावर घ्यायची, दुसऱ्या तळहाताने तीनदा घासायची, फुंकर मारायची. दाणा मोकळा झाला तर तो पहिल्या सुपात. टरफल अर्धवट धरून बसलं तर दुसऱ्या. ज्या ताटाच्या पानावर तांबूस डाग दिसले होते त्याची लोंबी चोळायचीही नाही, ती तिसऱ्या सुपात, कोंबड्यांसाठी. दुपार होईपर्यंत अंगठ्याखालची कातडी सोलून निघते. हे काम बसून करायचं असल्यामुळे घरातल्या पुरुषांच्या मते ते विश्रांतीत मोडतं. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस थांबतो. "काय चाललंय वैनी?" "गहू चोळतेय." "आवं, मग मळणी करायची की!" एवढा सल्ला देऊन तो पुढे जातो. आज असे सात सल्ले झाले.

ऋतू बदलला की ज्यांचं मन हळवं होतं त्यांच्यातली मी नाही. फाल्गुनात गहू पिवळा पडतो, वाऱ्याला भुश्याचा वास येतो, कुसळं लुगड्यात अडकून दिवसभर टोचतात. मला त्यात काव्य दिसत नाही. विळे पाजवायचे आहेत, कणगी सारवायची आहे, एवढं दिसतं. पण सत्तेचाळीसचा हंगाम मात्र गेल्या वर्षीही आणि यंदाही याच दिवसांत न बोलावता येऊन बसला. तो आला की मला राग येतो. कुणाचा, ते दोन वर्षांत नीट ठरवता आलेलं नाही. मामंजींचा थोडा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. शेतकी खात्याच्या गहूसाहेबांचा थोडा. गावाचा बराच. आणि उरलेला, तो काही थोडा नाही, माझा स्वतःचा.

आमच्या भागातलं गव्हाचं दुखणं आधी सांगायला हवं. आमच्याकडे दोन गहू. एक बन्सी. तो खळ्यावर बैलांच्या पायाखाली घातला की दाणा मोकळा होतो, वारवला की पोत्यात भरावा. पण तांबेरा हा रोग पडला, की सगळ्यांत आधी बन्सी जातो. दुसरी खपली. तिच्या वाटेला तांबेरा जात नाही. मात्र तिचा दाणा टरफल सोडत नाही. मळणी झाली तरी हातात येतो तो अंगरख्यासकट. त्याला पाण्याचा हात लावायचा, उखळात घालायचा, मुसळाने कांडायचा, पाखडायचा, आणि पुन्हा उखळात घालायचा. खपलीची खीर फार छान लागते म्हणतात. म्हणणारे नेहमी खाणारे असतात.

मी माधवनगरची. वडील तिथल्या एका कापडगिरणीत कारकून. आमचं दळण चक्कीवर जायचं आणि पीठ होऊन परत यायचं, मधलं काही आम्हाला माहीत नव्हतं. लग्न होऊन कडेगावपासून दीड कोसावरच्या या गावात आले, तेव्हा परसात भिंतीला टेकवलेलं माणसाएवढं मुसळ बघून मला वाटलं, दाराला अडसर म्हणून घालायचं असेल. नणंदेने ते उचलून माझ्या हातात दिलं आणि ती बाजूला झाली. ती जी बाजूला झाली ती झालीच, पुढे सासरी गेली. सत्तेचाळीसपर्यंत मला मुसळ धरून पंचवीस वर्षं झाली होती. माझा उजवा खांदा फिरवला की आतून कुरकुर आवाज येतो. वैद्य त्याला वात म्हणतात. मी त्याला खपली म्हणते.

सेहेचाळीसच्या दिवाळीआधी शेतकी खात्याचे पेंडसे आमच्याकडे आले. सायकलवर, मागे पत्र्याची पेटी बांधलेली. पेटीत कागदाच्या पुड्या आणि प्रत्येक पुडीवर आकडा. वय तिशीच्या आत, अंगाने काडी, बोलायला इतके सभ्य की बैलालाही 'जरा सरकता का' म्हणतील. गावाने दोन दिवसांत त्यांना गहूसाहेब करून टाकलं. त्यांना विहिरीजवळची चार गुंठे जमीन हवी होती. माझे यजमान फौजेत, झाशीला. शेती मामंजी आणि मी बघत होतो. मामंजी म्हणाले, "सरकारचं बी, सरकारच पेरतंय. आपलं काय जातंय?" जमीन गेली. मग पेंडशांनी विचारलं, लिहिता-वाचता येणारं कुणी आहे का. मामंजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मीही गेले.

पुड्यांमध्ये काय आहे ते त्यांनी मला विहिरीच्या काठावर उभं राहून समजावलं.

"हे बघा, आई खपली आणि बाप बन्सी असा संकर केला. ही त्याची पतवंडं. प्रत्येक पुडी वेगळी."

"एकाच आईबापाची, आणि वेगळी?"

"एकाच आईबापाची, म्हणूनच. कुणी आईचा गुण घेतला, कुणी बापाचा. एखाद्याने दोघांचेही चांगले घेतले असतील. तो शोधायचा."

"आणि दोघांचे वाईट घेतलेले?"

"ते बरेच असतात," पेंडसे म्हणाले.

हे मला ताबडतोब पटलं. माझे दीर-नणंदा मिळून पाच. एक मामंजींसारखा उंच आणि कामाला वाघ. एक सासूबाईंसारखा हिशेबी. एक उंचही नाही, हिशेबीही नाही, नुसता रागीट, तो कुणावर गेला ते अजून घरात ठरलेलं नाही. गव्हाचं शास्त्र मला तिथल्या तिथे समजलं. त्यानंतर पेंडशांनी इंग्रजी नावं सांगितली, ती मी ऐकून घेतली आणि सोडून दिली.

त्यांच्या वहीत रकाने आखलेले होते. ताटाची उंची. एका रोपाला फुटवे किती. लोंबी बाहेर पडायला दिवस किती. लोंबीची लांबी, लोंबीत दाणे, हजार दाण्यांचं वजन. शेवटी उतारा, म्हणजे एवढ्या जागेत एकूण पीक किती निघालं तो आकडा. मी पानं उलटून पाहिली.

"कांडणाचा रकाना कुठाय?"

"कशाचा?"

"दाणा टरफल सोडतो की नाही, त्याचा."

ते हसले. वाईट हसू नव्हतं. लहान मुलीने चंद्राला पाय किती असं विचारल्यावर मोठी माणसं हसतात तसं. "तो उताऱ्याशी संबंधित गुण नाही, ताई. मळणीनंतरचा प्रश्न आहे."

मळणीनंतरचा प्रश्न पंचवीस वर्षं माझ्याकडे होता. पण पहिल्याच दिवशी सरकारी माणसाशी भांडू नये म्हणून मी वही मिटून परत दिली.

पौषातल्या सकाळी मला आठवतात त्या गारठ्याने सुजलेल्या बोटांमुळे. दव इतकं की गुडघ्यापर्यंत लुगडं ओलं. चाळीस पुड्यांच्या चाळीस जागा, प्रत्येक जागेला वीस हात लांबीच्या दोन ओळी आणि टोकाला नंबराची खुंटी. वाकायचं, रोप बोटांनी उकलायचं, फुटवे मोजायचे, उठायचं, लिहायचं, पुन्हा वाकायचं. शाई गारठून निबेतून उतरायची नाही, तेव्हा मी निब तोंडाजवळ धरून वाफ द्यायची. बांधावरून जाणारी हौसा रोज थांबायची. ती गावच्या सुताराची बायको, आणि पंधरा वर्षं माझ्या उखळावरची जोडीदारीण. एक मुसळ तिचं, एक माझं, आलटून पालटून. त्यामुळे ती मला काहीही बोलू शकत होती.

"वैनी, आज किती जनांची हजेरी लागली?"

"जा गं कामाला."

"न्हाई, नावं बी ठिवली असतील न्हवं? त्यो कडंचा लय वाळलाय. त्येला धाकल्या भावजींचं नाव द्या."

मी हसले नाही, पण त्या ओळीपुढे गेले की मला धाकटे दीर दिसायचे.

वेगळेपणा हा पदार्थ कागदावर छान वाटतो. शेतात तो बघणाऱ्याचा जीव घेतो. एक ओळ कमरेएवढी, शेजारची मांडीएवढी. एक पौषातच लोंबीला आली, दुसरी माघ निम्मा झाला तरी हिरवीगार बसून. कुणाची लोंबी डौलदार आणि आत दाणे मोजके, कुणाची दिसायला बुटकी आणि गच्च भरलेली. एक गुण चांगला दिसला की दुसरा दगा द्यायचा. फुटवे भरपूर, तर दाणा चपटा. दाणा टपोरा, तर ताट वाऱ्याने आडवं. मला तेव्हा वाटायचं, एकदा चांगला सापडला की सुटलो. आज पुढ्यात तीन सुपं घेऊन बसल्यावर कळतं की तसं नसतं. चांगल्याची लेकरंही पुन्हा वेगळी निघतात. एकाच लोंबीतले दाणे पेरले, तर दहा रोपं मोकळ्या दाण्याची, तीन चिकट, एक तांबेऱ्याला बळी. निवडायचं, पेरायचं, पुन्हा निवडायचं. हे मला पेंडशांनी सांगितलं असेल, पण ज्या भाषेत सांगितलं ती मी सोडून दिली होती. ते पुढे बदलून गेले आणि त्यांच्या वहीचं काय झालं ते मला ठाऊक नाही.

माघात आभाळ आलं. पाऊस नाही, नुसतं आभाळ, आणि उबट दमट वारा. आठवडाभर तसंच. एका सकाळी मी आमच्या बन्सीच्या रानातून आडवी गेले आणि घरी आल्यावर पाहिलं, तर लुगड्याचा काठ हळदीकुंकवात बुडवल्यासारखा लालसर. हात झटकले, तर बोटांवर तीच भुकटी. मामंजींना दाखवलं. त्यांनी बोटाने पुसून नाकाजवळ धरली, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "ग्येला." एवढंच. पंधरा दिवसांत बन्सी जागच्या जागी वाळला. दाणा धरला तो जिऱ्यासारखा. सगळ्या पंचक्रोशीत तेच. त्या वर्षी ज्यांच्याकडे खपली होती ते वाचले, आणि त्यांच्या बायकांनी पुढचं वर्षभर कांडलं.

चाळीस ओळींतही तांबेऱ्याने झाडू फिरवला. मी रोज जाऊन वहीत लिहीत होते. गेला. गेला. अर्धा गेला. शेवटी स्वच्छ म्हणावेत असे सहा राहिले. त्या सहांपैकी प्रत्येकाच्या लोंब्या पिवळ्या पडायला लागल्यावर मी एकेक तोडून तळहातावर चोळली. पाच जणांनी खपलीसारखं टरफल धरून ठेवलं. सतरा नंबरच्या लोंबीतून दाणे असे निघाले की मला वाटलं, आधीच कुणीतरी चोळून ठेवली. दुसरी तोडली. तिसरी तोडली. मग मी बांधावर बसले. तांबेरा नाही आणि कांडण नाही. मला आनंद झाला का, असं कुणी विचारलं तर आठवत नाही. घाम आला होता, आणि हौसाला हाक मारावीशी वाटली होती, तर त्या दिवशी नेमकी ती बांधावर नव्हती.

पेंडसे आले ते वजनकाटा घेऊन. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी सगळे आकडे मांडले आणि एकतीस नंबरवर खूष झाले. भरगच्च लोंबी, भरपूर फुटवे, रोग नाही.

"एकतीस फारच सरस आहे. सतरा बाद करू. रोग नाही हे खरं, पण लोंबी आखूड, फुटवे चारच, दाणाही हलका. पिकतोय सुद्धा आठ दिवस उशिरा. याचा उतारा बसणार नाही."

"सतराचा दाणा चोळला की सुटतो. एकतीसचा सुटत नाही."

"ताई, वरचे लोक उताराच बघतात."

तेव्हा माझा संयम संपला. हौसा परसात खपलीला पाण्याचा हात लावत बसली होती. मी म्हणाले, "साहेब, एकतीस गावात आणायचा ना? मग आधी एवढं कांडून दाखवा." त्यांना थट्टा वाटली. मी मुसळ त्यांच्या पुढ्यात धरलं, तेव्हा ती थट्टा नाही हे त्यांच्या लक्षात आलं. बिचाऱ्यांनी कोट काढून खुंटीला लावला.

"साहेब, मुसाळ हाय त्ये, टाक न्हवं. वरनं धरा. आवं, आनि वरनं!" हौसा म्हणाली. "उखळात मारा, उखळाच्या भाईर न्हाई. त्यी माझी बोटं हाईत."

मामंजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. त्यांचे खांदे हलत होते. पेंडशांनी पायलीतला चौथा हिस्साही कांडला नसेल. निम्मे दाणे फुटले, बाकीचे टरफलातच. हौसाने ते सुपात घेऊन पाखडले आणि पुन्हा उखळात ओतले. ते बघून साहेबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं होतं, झालं.

"एका पायलीला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला. त्यांचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं आणि बसला. माणूस सरळ होता, हे मी कधी नाकारलं नाही. त्यांनी वही उघडली, पट्टी लावून नवा रकाना आखला आणि मला विचारलं, मथळा काय देऊ. मी म्हणाले, कांडण. त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं. मग म्हणाले, "सतरा ठेवू. पिकला की कापून वेगळी पेंढी बांधून ठेवा. आठ दिवसांनी येऊन नेतो. जपा, हे बी दुसरीकडे कुठे नाही."

बाकीच्या ओळींचं धान्य त्यांनी त्याच दिवशी पेटीतून नेलं. सतरा तेवढा रानात उभा राहिला.

मी तो जपला. स्वतः विळ्याने कापला, स्वतः पेंढी बांधली, त्यात नंबराची चिठ्ठी खोवली आणि उंदीर लागू नये म्हणून घरात न आणता खळ्याच्या कडेला उंच दगडावर ठेवली. दुसऱ्या दिवशी माधवनगरहून वडील आजारी असल्याचा निरोप आला. मी तीन दिवसांसाठी निघाले. निघताना मामंजींना सांगितलं, म्हशीला पेंड वेळेवर घाला. पेंढीचं सांगितलं नाही. का नाही? कारण सांगायला बसलं तर आई खपली, बाप बन्सी इथून सुरुवात करावी लागली असती, मामंजींनी मधे दहा प्रश्न विचारले असते, आणि मोटार चुकली असती. परक्या साहेबाला मी चार महिने सगळं समजावत होते. घरच्या माणसासाठी दहा मिनिटं नव्हती.

खळ्याच्या कडेला वेगळी बांधून ठेवलेली लहान पेंढी म्हणजे काय, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. ती बलुत्याची. सुतार, लोहार, गुरव, ज्याचा त्याचा हक्क मळणीआधी असा बाजूला काढून ठेवायचा असतो. पंचवीस वर्षं मी स्वतः त्या पेंढ्या बांधत आले होते. आणि तरी मी ती पेंढी नेमकी तिथेच, त्याच दगडावर ठेवली.

वडिलांना उतार पडला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी परत आले. घरात पाऊल टाकण्याआधीच हौसाकडून बोलावणं. तिची लेक सखू बाळंतपणाला आलेली, आज नातीचं बारसं. मी पाय धुतले आणि तशीच गेले. पाळण्यात नाव ठेवून झालं होतं. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. सखूच्या सासूबाई, म्हणजे हौसाच्या विहीणबाई, शिरवळहून आल्या होत्या, त्या खांबाला टेकून सगळ्यांची लुगडी तपासत होत्या. माझ्या हातावर घुगऱ्या पडल्या. गरम, मऊ, फुगलेले गव्हाचे दाणे, त्यात थोडे हरभरे. दिवसभर पोटात काही नव्हतं. मी खाल्ल्या आणि पुन्हा हात पुढे केला.

"हौसा, छान झाल्यात गं. गहू कुठला?"

"आवं, तुमच्याच खळ्यावरचा! काल आबांनी बलुत्याची पेंढी दिली न्हवं का." आबा म्हणजे मामंजी. हौसाचा चेहरा नुसता फुलला होता. "काय सांगू वैनी, मुसाळ न्हाई लावलं. परातीत नुसता चोळला, की दाना टपाटपा भाईर. म्या यांना म्हनलं, सुताराच्या नशिबाला असला गुनाचा गहू कवापासनं याया लागला?"

माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला. बाहेर काढून उपयोग नव्हता, शिजलेला होता.

"चिठ्ठी होती ना त्यात?"

"व्हती की. चूल पेटवाया घेतली."

"उरलाय का? कच्चा? मूठभर तरी?"

"उरतोय कुठला. मानसं किती हाईत बगा की. शेवटचा पसाभर व्हता, त्यो सखूच्या ओटीत घातला आत्ताच."

मी सखूकडे पाहिलं. ती पाळण्याशेजारी पाटावर बसली होती. पदराची ओटी मांडीवर, त्यात नारळ, खण आणि नारळाखाली सतरा नंबर. जगात राहिलेला सगळा.

ओटीतलं परत मागत नाहीत. मला ते माहीत होतं. मी मागितलं.

पाळणाही हलायचा थांबला. विहीणबाई खांबावरून सरळ झाल्या. "आमच्या शिरवळला ओटी भरत्यात," त्या म्हणाल्या. "भरल्याली माघारी मागायची रीत हिकडं हाय, ह्ये ठावं नव्हतं."

हौसाचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. विहिणीसमोर, लेकीच्या बारशात. "वैनी," ती हळू म्हणाली, "माझ्या दारात असं करू नगा."

मग मी बोलले. वीस बायकांसमोर, हातात घुगऱ्या धरून, तांबेऱ्यापासून कांडणापर्यंत सगळं. हा गहू तांबेऱ्यात उभा राहिला. याला उखळ लागत नाही. असा गहू आपल्याकडे आजवर झालेला नाही, आणि तो आपण सगळ्याजणी आत्ता खातो आहोत. माळ्यांच्या म्हातारीने चावायचं थांबवून हातातले दाणे जवळ धरून पाहिले. "आन् ह्ये आदी सांगायचं न्हवं का?" ती म्हणाली. पुढचा आठवडाभर गावातल्या प्रत्येकाने मला तेच विचारलं, पण पहिली ती.

तोड काढली ती सखूने. बारा दिवसांची बाळंतीण, डोळ्यांखाली काळं, आवाज मात्र खणखणीत. "आई, काकी सवाष्ण हाईत न्हवं? मग माघारी कशाला? माझ्या ओटीतलं म्या त्येंच्या ओटीत घालती. ओटीनं ओटी भरली, त्यात काय वंगाळ?"

सगळ्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी सखूच्या ओटीकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं. खोट सापडेना. "येक चिमूट ठिव तुझ्याकडं," त्या शेवटी म्हणाल्या. "समदी रिती करू नगंस."

मला कुंकू लागलं. मी पदर पसरला. सखूने नारळ बाजूला काढून ओंजळीने दाणे माझ्या पदरात घातले, आणि वाकलेली असतानाच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "काकी, सातवा म्हैना सरंपातूर कांडत व्हते म्या. पुढल्या बाळंतपनाच्या आदी पिकवा ह्यो."

मी पदर दोन्ही हातांनी धरून घरी आले. मामंजी ओसरीवर होते. त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर म्हशीच्या पेंडीपासून सुरुवात झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सडा घालून झाल्यावर, मी त्यांच्यासमोर ओसरीवर बसले आणि परातीत दाणे ओतले. आणि त्यांना सगळं सांगितलं. दहा मिनिटं लागली नाहीत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "आदी का न्हाई सांगितलंस, सूनबाई?" दुसरा त्यांनी दाणे बोटांनी चाळत विचारला. "साहेब समदं नेनार?"

"नेणार."

"आन् वरच्यांनी उतारा बगून फेकून दिलं तर?"

मी तोच विचार अंथरुणातून उठल्यापासून करत होते. नवा रकाना पेंडशांच्या वहीत होता, वरच्यांच्या डोक्यात नव्हता. मी परातीत बोटाने मधोमध रेघ ओढली. एक निम्मा भाग कागदाच्या पुडीत घातला. दुसरा फडक्यात बांधत होते, तेवढ्यात सायकलची घंटा वाजली. आठ दिवस म्हणाले होते ते सातव्याच दिवशी हजर. माझ्या हातातलं फडकं मामंजींनी काढून घेतलं, स्वतःच्या मांडीजवळ ठेवलं आणि त्यावर आपली पानाची चंची ठेवली.

पेंडशांना मी पुडी दिली. पेंढीचं काय झालं ते सांगितलं, बलुतं, बारसं, ओटी, सगळं. त्यांनी पुडी उघडली, आत पाहिलं. त्यांचा चेहरा बघवेना.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणाले.

ते मामंजींकडे वळले. मामंजींनी चंचीवर हात ठेवला.

"बाकीचं गावानं खाल्लं, साहेब," ते म्हणाले. "हौसानं वाटीभर हिकडं बी धाडलं व्हतं. म्या बी खाल्लं. लय मऊ व्हतं."

पेंडशांनी पुडीवर सतराचा आकडा घातला, ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून बसून राहिले. मी उठले, चूल पेटवली आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. गुळाचा नाही. डब्याच्या तळाला रेशनची साखर होती, तीच दोन चमचे घातली, आणि मग आणखी एक.